गाळातले बारसे

आमच्या घरी बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात काचेच्या पंचवीस-तीस पट्ट्या जपून ठेवलेल्या आहेत. घरातल्यांनी तो डबा दोनदा भंगारात काढायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मी तो परत आणला. त्यातल्या एका काचेच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर माझ्या तरुणपणच्या अक्षरात एक लॅटिन वळणाचे नाव आहे, आणि त्या नावावर लाल शाईची आडवी रेघ आहे. ती रेघ माझ्या सरांनी मारलेली. आज मला त्या रेघेची गोष्ट सांगायची आहे. पण तिच्यापर्यंत पोचायला आपल्याला पावणेदोनशे वर्षे मागे आणि चार-पाच किलोमीटर खोल जावे लागेल. तेवढी सबुरी श्रोत्यांनी दाखवावी.

समुद्राच्या तळाशी काय असते, असे लहान मुलाला विचारले तर ते सांगेल: वाळू, शिंपले, बुडालेली जहाजे. किनाऱ्याजवळ ते खरेही आहे. पण किनारा सोडून शेकडो मैल आत गेले, पाणी चार हजार मीटर खोल झाले, की तिथे वाळू नसते. नद्यांचा गाळ तिथवर फारसा पोचत नाही. तिथे असतो मऊ, चिकट, लोण्यासारखा चिखल. मराठीत त्याला 'सिंधुपंक' असा सुरेख शब्द आहे. हा पंक चिमटीत घेऊन धुतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही. तो चिखल नसतोच. ती घरे असतात. मिठाच्या कणाहूनही लहान अशा, एकाच पेशीच्या जीवांची रिकामी घरे.

या घरांचे दोन मोठे प्रकार. फोरॅमिनिफेरा नावाच्या जीवांची घरे बहुधा चुन्याची, म्हणजे खडूच्या जातीची. द्राक्षांचा घोस असावा तशा फुगीर खोल्या एकमेकींना चिकटलेल्या. दुसरे रेडिओलॅरिया. त्यांची घरे सिलिकाची, म्हणजे अक्षरशः काचेची. कुणी जाळीदार चेंडू, कुणी घंटा, कुणी झालर लावलेली टोपी. हे जीव वरच्या पाण्यात जगतात, मरतात, आणि त्यांची घरे न थांबणाऱ्या हिमवर्षावासारखी खाली उतरत राहतात. हजार वर्षांत या गाळाचा थर वाढतो तो काही मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर. म्हणजे वीतभर गाळ हे दहा-वीस हजार वर्षांचे दप्तर असते. पण दप्तर वाचायचे तर त्यातली अक्षरे ओळखू यायला हवीत. अक्षरे ओळखायची म्हणजे प्रत्येक घराला नाव हवे. हे नाव ठेवण्याचे काम कसे झाले, कुणी केले आणि कुठे फसले, हा आजचा विषय.

पहिले मोठे नाव एरेनबर्ग यांचे. ख्रिस्तियान गोटफ्रीड एरेनबर्ग बर्लिनला प्राध्यापक होते. हुंबोल्ट यांच्याबरोबर १८२९ मध्ये ते सैबेरियापर्यंत हिंडून आले होते. या गृहस्थांना एकच छंद: जगातून कुठूनही चिमूटभर माती मिळाली, की ती सूक्ष्मदर्शकाखाली घालायची. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरच्या खडकातून त्यांनी १८४० च्या दशकात रेडिओलॅरियाच्या शेकडो प्रजाती शोधल्या. आपल्या निकोबार बेटांवरची माती, ती बेटे डेन्मार्कच्या ताब्यात असताना, त्यांच्या टेबलावर पोचली होती. तिच्यातही त्यांना हेच काचेचे जीव दिसले. एरेनबर्ग यांचा एक सिद्धांत मात्र साफ चुकीचा होता. या सूक्ष्म जीवांना मोठ्या प्राण्यांप्रमाणे पोट आणि इतर सगळे अवयव असतात, असे ते मानत. फेलिक्स द्युजार्दां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ मध्येच ते खोडून काढायला सुरुवात केली होती. एरेनबर्ग ऐकायला तयार नव्हते. पण त्यांनी एक गोष्ट केली: जे पाहिले ते सगळे जपून ठेवले. अभ्रकाच्या पातळ चकत्यांवर चिकटवलेले सुमारे ४० हजार नमुने, हजारो मातीच्या पुड्या, जवळपास तीन हजार रेखाचित्रे. उतारवयात नजर अधू झाल्यावर त्यांची मुलगी क्लारा हे सगळे सांभाळत होती. तो संग्रह आजही बर्लिनच्या संग्रहालयात आहे. हा मुद्दा लक्षात असू द्या.

समुद्रतळाचा गाळ विज्ञानाच्या हाती आला तो मात्र विज्ञानासाठी नव्हे, तारेसाठी. अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकायची होती. तळ खडकाळ असेल तर केबल तुटणार. म्हणून तळ कसा आहे ते पाहणे भाग होते. अमेरिकेच्या नौदलातल्या जॉन ब्रुक या तरुण अधिकाऱ्याने १८५० च्या दशकात एक साधी युक्ती काढली. तोफेच्या गोळ्याला आरपार भोक पाडायचे, त्यातून सळई घालायची, सळईच्या टोकाला पिसाच्या पोकळ नळ्या बसवायच्या. गोळ्याच्या वजनाने दोर तळाला गेला की गोळा सुटून तिथेच राहतो आणि हलकी सळई नळ्यांमध्ये चिमूटभर चिखल घेऊन वर येते. तो चिखल वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातले प्राध्यापक जेकब बेली यांच्याकडे गेला. त्यांना वाळूचा कण सापडला नाही. सगळी घरेच घरे. केबलवाल्यांना हायसे वाटले, कारण गादी मऊ होती. अशाच सोयी-सुधारणांतून पुढे १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने एडन आणि मुंबई यांच्यामध्ये केबल टाकली, आणि लंडनचा निरोप मुंबईला समुद्राखालून येऊ लागला.

या केबलच्या पाहण्यांमध्ये एक माणूस असा आहे, ज्याच्याबद्दल मला नेहमी हळहळ वाटते. जॉर्ज चार्ल्स वॉलिच. जन्म १८१५ चा, कोलकात्याचा. वडील नॅथॅनिएल वॉलिच तिथल्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचे प्रमुख. मुलगा डॉक्टर होऊन हिंदुस्थानातल्या लष्करी वैद्यकीय सेवेत लागला, पंजाबच्या लढायांमध्ये होता. प्रकृती बिघडल्यावर १८५७ मध्ये मायदेशी परतताना बोटीच्या मागे जाळे टाकून सूक्ष्म जीव गोळा करत गेला. पुढे १८६० मध्ये 'बुलडॉग' या जहाजावरून त्याने उत्तर अटलांटिकच्या तळाची पाहणी केली. त्या काळी विद्वानांचे मत असे, की तीनशे वाव खोलीच्या खाली जीवसृष्टीच नाही. एक वाव म्हणजे सहा फूट. आपले कोळीबांधव हात पसरून दोर मोजतात तीच. आणि 'बुलडॉग'चा दोर १२६० वावेवरून वर आला तेव्हा त्याला तेरा जिवंत तारामासे चिकटलेले होते.

एवढा पुरावा हातात असूनही वॉलिचचे म्हणणे फारसे कुणी मनावर घेतले नाही. दहा वर्षांनी तेच दुसऱ्या, वजनदार लोकांनी सांगितले तेव्हा टाळ्या पडल्या. वॉलिच कडवट झाला, भांडत राहिला. सुवर्णपदक मिळाले ते १८९८ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. पुढच्याच वर्षी तो वारला. गंमत म्हणा की दैव म्हणा, ज्याच्यावर अन्याय झाला तोही एका बाबतीत चुकलाच होता. ग्लोबिजेरिना नावाचे चुन्याचे जीव तळाशीच राहतात, हे त्याचे ठाम मत. प्रत्यक्षात ते वरच्या पाण्यात तरंगतात आणि मेल्यावरच तळ गाठतात.

चुकण्याचा मान मात्र एकट्या वॉलिचला नाही. थॉमस हक्सले म्हणजे डार्विनचे खंदे पाठीराखे, इंग्लंडमधले पहिल्या रांगेतले शास्त्रज्ञ. 'सायक्लॉप्स' जहाजाने १८५७ मध्ये आणलेला अटलांटिकचा चिखल त्यांच्याकडे स्पिरिटच्या बाटल्यांमध्ये पडून होता. १८६८ मध्ये जास्त ताकदीच्या भिंगाखाली त्यांनी तो पुन्हा पाहिला, तेव्हा त्यात खळीसारखा चिकट, पारदर्शक पदार्थ दिसला. त्यांना वाटले हा जिवंत जीवरस! सगळ्या समुद्रतळावर पसरलेला, जिवाचे अगदी आद्य रूप! त्यांनी रीतसर नाव ठेवले: 'बॅथिबियस हेकेली'. जर्मनीतले आपले मित्र अर्न्स्ट हेकेल यांच्या सन्मानार्थ. हेकेल तर हरखून गेले. निर्जीव द्रव्यापासून जीव कसा झाला, त्याचा सांधाच जणू सापडला होता. वॉलिच ओरडून सांगत होता की असे काही नाही. पण त्याचे ऐकतो कोण?

आणि मग आली 'चॅलेंजर' मोहीम. ब्रिटिश नौदलाच्या या लढाऊ जहाजावरच्या बहुतेक तोफा काढून तिथे प्रयोगशाळा केली होती. २१ डिसेंबर १८७२ रोजी जहाज पोर्ट्समथहून निघाले आणि २४ मे १८७६ रोजी परत आले. जवळपास ६८,८९० सागरी मैलांचा प्रवास, ३६२ ठिकाणी थांबून पाण्याची, तळाची, जीवांची तपासणी. वायव्हिल थॉमसन प्रमुख, त्यांच्या हाताखाली जॉन मरे, रसायनतज्ज्ञ जॉन यंग ब्युकॅनन आणि इतर. वाचताना हे रोमांचक वाटते, पण जहाजावरच्या खलाशांना तळाचा चिखल उपसून चाळण्याचा लवकरच कंटाळा आला होता. आपणही आलो असतो. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम पॅसिफिकमध्ये दोर ४,४७५ वाव, म्हणजे आठ हजार मीटरहून खोल गेला, आणि एवढ्या खोलीवरून वर आला तो रेडिओलॅरियाच्या काचेच्या घरांचा चिखल. चुन्याची घरे तिथे नव्हती. फार खोल आणि थंड पाण्यात चुना विरघळून जातो, काच तग धरते.

बॅथिबियसचे काय झाले? 'चॅलेंजर'वर ताज्या चिखलात तो कुणालाच सापडेना. बाटलीत भरून ठेवलेल्या चिखलात मात्र दिसे. ब्युकॅनन यांनी छडा लावला. समुद्राच्या पाण्यात भरपूर स्पिरिट मिसळले की त्यातला कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्समच, खळीसारखा बाहेर पडतो. जीवरस नाही, काही नाही. नमुना टिकावा म्हणून घातलेल्या स्पिरिटनेच नवा 'जीव' जन्माला घातला होता! थॉमसन यांनी १८७५ मध्ये जपानहून हक्सले यांना तसे कळवले. हक्सले यांनी काय करावे? त्यांनी ते 'नेचर' नियतकालिकात छापून टाकले, चूक झाली असेल तर ती आपलीच, असे कबूल केले, आणि पुढे भर सभेत स्वतःच्या या मानसपुत्रावर विनोदही केला. हेकेल मात्र त्यानंतरही काही वर्षे बॅथिबियस सोडायला तयार नव्हते.

त्याच मोहिमेत मरे यांनी रेशमी जाळी वरच्या पाण्यातून फिरवून ग्लोबिजेरिना जिवंत पकडले. ज्या भागात वरच्या पाण्यात जे जीव, त्याच भागात खाली त्यांचीच घरे. स्वतः थॉमसन हे आधी वॉलिचच्याच मताचे होते. त्यांनी ते बदलले. वरवर बारीकशी वाटणारी ही गोष्ट पुढे फार मोठी ठरली. कारण वरच्या पाण्याचे हवामान बदलले की तिथले जीव बदलणार, आणि जीव बदलले की गाळ बदलणार. गाळ म्हणजे हवामानाची नोंदवही, हे त्या दिवशी नक्की झाले. फक्त तेव्हा ते कुणाच्या लक्षात आले नव्हते.

'चॅलेंजर'ने आणलेला माल तपासायला जगभरच्या तज्ज्ञांना वाटून दिला. अहवाल १८८० ते १८९५ या काळात ५० खंडांमध्ये निघाला. चुन्याच्या जीवांचे, म्हणजे फोरॅमिनिफेराचे काम हेन्री बोमन ब्रॅडी यांना मिळाले. न्यूकॅसलमध्ये औषधांचे दुकान चालवणारा माणूस. धंद्यातून लवकर निवृत्त होऊन या छंदाला लागला. १८८४ मध्ये त्यांचा खंड निघाला, त्यात ११५ चित्रपट्टिका. काम इतके चोख, की एकशे दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, तीच चित्रे नव्या नावांच्या टिपणांसह पुन्हा छापली गेली.

काचेचे जीव गेले हेकेल यांच्याकडे. बॅथिबियसवाले तेच. त्यांनी दहा वर्षे घालवून १८८७ मध्ये जो अहवाल दिला तो पाहिला की आजही छाती दडपते. अठराशेहून जास्त पाने, १४० चित्रपट्टिका, ४,३१८ प्रजाती. त्यातल्या ३,५०८ एकदम नव्या! दहा वर्षे रोज एक नवी प्रजाती, असा हिशेब पडतो. बारसे करता करता ग्रीक शब्दकोश संपला असेल. चित्रे तर अशी देखणी, की १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचे भव्य प्रवेशद्वार रने बिने या वास्तुविशारदाने त्यांच्यावरून प्रेरणा घेऊन रचले.

पण नंतरच्या अभ्यासकांना हळूहळू एक अडचण जाणवू लागली. गाळातले जीव घेऊन हेकेल यांच्या पुस्तकाशी ताडून पाहावे, तर जुळतच नाहीत. हेकेल यांना भूमितीचे वेड होते. त्यांची वर्गवारी जीवांच्या नात्यागोत्यापेक्षा आकृत्यांच्या सुबकपणावर उभी होती. बारीक फरक दिसला, एखादा काटा कमी-जास्त झाला, की नवे नाव. शिवाय कोणते चित्र नेमके कोणत्या काचेवरच्या कोणत्या नमुन्याचे, हे पुष्कळदा सांगता येत नाही. त्यामुळे त्यातली कितीतरी नावे नुसतीच कागदावर राहिली. मूल दिसत नाही, पण जन्मदाखला आहे, अशी अवस्था.

इथे मी माझ्या लाल रेघेकडे येतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो. आमच्या सरांनी खटपट करून हिंदी महासागरातला मूठभर गाळ मिळवला होता. तो हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवायचा, चुना जावा म्हणून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातून काढायचा, बारीक चाळणीवर धुवायचा, उरलेली चिमूट काचेवर कॅनडा बाल्सममध्ये बसवायची. आणि मग मान मोडेपर्यंत बघत राहायचे. तीन आठवडे मी बघत होतो. एके दिवशी संध्याकाळी एक घंटेच्या आकाराचे घर दिसले. त्याच्यासारख्या इतर सगळ्या घरांना तीन पाय, याला दोन. पुस्तके चाळली. दोन पायांचे कुठेच नव्हते. मला घाम फुटला. रात्री झोप लागली नाही. मी माझ्या आजीच्या नावावरून त्याचे नामकरण करून टाकले, चिठ्ठी लिहिली, चिकटवली आणि सकाळी सरांच्या समोर काच ठेवली.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "असे किती मिळाले?"

"एकच, सर."

"एक म्हणजे प्रजाती नव्हे रे. एक म्हणजे अपघात." त्यांनी भिंग बदलले, बारीक चाक हलकेच फिरवले आणि मला म्हणाले, "आता बघ. डावीकडे, खालच्या काठाला."

तिथे तिसऱ्या पायाचा मोडलेला खुंट होता. इतका स्वच्छ, की आदल्या दिवशी तो मला कसा दिसला नाही याचेच आश्चर्य वाटावे. खरे तर आश्चर्य कसले? मला तो दिसायला नकोच होता.

सरांनी लाल पेन काढले आणि चिठ्ठीवर रेघ मारली. काच मात्र परत माझ्या हातात दिली. "फेकू नकोस," म्हणाले. "जपून ठेव. नाव चुकलं तर बदलता येतं. नमुना हरवला तर काहीच करता येत नाही."

तेव्हा मला ते बोलणे समजूत घालण्यासाठी वाटले. पुढे कळले, की या शास्त्राचा तोच कणा आहे. नवी प्रजाती जाहीर करायची तर नुसते नाव आणि चित्र पुरत नाही. वर्णन छापावे लागते, जवळच्या प्रजातींपासून वेगळेपण दाखवावे लागते, लहान-मोठे, मोडके-अखंड असे पुष्कळ नमुने पाहिल्याचे सांगावे लागते. आणि एक नमुना आदर्श म्हणून निवडून एखाद्या संग्रहालयात ठेवावा लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात. उद्या कुणालाही शंका आली, तर त्याने तिथे जावे, ती काच मागावी आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघावे. म्हणजे नाव ठेवणारा माणूस आपल्या चुकीचा पुरावाही आपल्याच हाताने पुढच्या पिढीकडे सोपवत असतो.

हे सगळे खरे, पण या बारशाचा उपयोग काय? हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा.

एक उदाहरण जमिनीच्या हालचालीचे. १९६८ पासून 'ग्लोमार चॅलेंजर' नावाचे जहाज समुद्रतळाला भोके पाडून गाळाचे लांबच लांब दंड बाहेर काढू लागले. जुन्या 'चॅलेंजर'चेच नाव त्याला दिले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते दक्षिण अटलांटिकमध्ये गेले. समुद्राच्या मधोमध डोंगरांची रांग आहे; तिथे नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो, असा तेव्हा सिद्धांत होता. रांगेपासून दूरदूर भोके पाडली. प्रत्येक ठिकाणी अगदी तळच्या गाळात कोणते सूक्ष्मजीव आहेत ते पाहिले. रांगेपासून जितके दूर, तितके जीव प्राचीन. आणि हे प्रमाण अगदी सरळ रेषेत. समुद्राचा तळ वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर सरकतो आहे, आपली नखे वाढतात त्याहून जरा सावकाश. खंड सरकतात, याचा हा पुरावा नावे ठेवलेल्या त्या चिमुकल्या घरांनी दिला.

दुसरे उदाहरण मला अधिक प्रिय आहे. एरेनबर्ग यांनी १८६१ मध्ये ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्यामधल्या डेव्हिस सामुद्रधुनीच्या गाळातून एक काचेची टोपी शोधली आणि तिला 'सायक्लाडोफोरा डेव्हिसियाना' असे नाव दिले. शंभर वर्षांहून अधिक काळ ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. १९७६ च्या डिसेंबरात जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकल्टन या तिघांनी 'सायन्स'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. हिमयुगे का येतात, या प्रश्नावर तो मैलाचा दगड मानला जातो. त्यांनी दक्षिण हिंदी महासागरातले गाळाचे दोन दंड घेतले होते. साडेचार लाख वर्षांची नोंद. त्यात तीन गोष्टी मोजल्या. चुन्याच्या घरांतल्या ऑक्सिजनचे प्रमाण, रेडिओलॅरियाच्या मेळ्यावरून पाण्याचे तापमान, आणि तिसरी गोष्ट, दर थरात सायक्लाडोफोरा डेव्हिसियाना शेकडा किती. हिमयुगात ही टोपी वाढते, उबदार काळात कमी होते. तिन्ही आलेख एकच गोष्ट सांगत होते: पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलण्यात होणाऱ्या बदलांच्या तालावर, सुमारे २३ हजार, ४२ हजार आणि एक लाख वर्षांच्या फेऱ्यांनी, हिमयुगे येतात-जातात.

ग्रीनलंडच्या गाळात ठेवलेले नाव ११५ वर्षांनी हिंदी महासागरात उपयोगी पडले. एरेनबर्ग यांना हिमयुगांच्या फेऱ्यांची कल्पनाही नव्हती. या जीवाला पोट असते असे मानणारे ते गृहस्थ. पण चित्र काढले होते आणि नमुना ठेवला होता. म्हणून सिद्धांत पडला तरी नाव उभे राहिले.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी अंगणातले. फ्रेंच शास्त्रज्ञ अल्सिद दोर्बिन्यी यांनी १८२६ मध्ये एका चुन्याच्या घराला 'ग्लोबिजेरिना बुलॉयडिस' नाव दिले. त्यांना हे जीव गोगलगाय-माकूळ यांच्या जातकुळीतले वाटत होते, म्हणजे तेही चुकलेच होते. हा जीव थंड पाण्यात रमणारा. पण नैऋत्य मोसमी वारे जोरात वाहू लागले, की ओमान-सोमालियाच्या किनाऱ्याजवळचे वरचे पाणी दूर ढकलले जाते, खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि त्यात हा बुलॉयडिस फोफावतो. म्हणजे अरबी समुद्राच्या गाळात त्याची घरे जास्त, त्या काळात मोसमी वारा जोरदार. या साध्या मोजदादीवर आपल्या अनिल गुप्ता यांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह ओमानजवळच्या गाळातून गेल्या दहा हजार वर्षांच्या मोसमी वाऱ्याची नोंद काढली. ती २००३ मध्ये 'नेचर'मध्ये आली. उत्तर अटलांटिक गारठला, त्या त्या वेळी आपला मोसमी वारा दुबळा पडला, असे तिच्यातून दिसले. कोकणात छत्री उघडणाऱ्या माणसाचे ग्रीनलंडशी काय नाते, ते या घरांनी सांगितले.

आपल्याकडे १९६६ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे. तिथल्या अभ्यासकांच्या पिढ्यांनी हिंदी महासागराच्या गाळातले हे जीव निवडून, मोजून, ताडून पाहिले आहेत. २०१५ मध्ये 'जॉइडिस रिझोल्यूशन' या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला, लक्ष्मी खोऱ्यात भोके पाडली. तिथे समुद्राखाली कोसळलेल्या एका प्रचंड दरडीचा ढिगारा मिळाला. तिला 'नटराज' असे नाव आहे. ती १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास कोसळली, हे कुणी सांगितले? तिच्या वरखाली साचलेल्या गाळातल्या सूक्ष्म जीवाश्मांनीच. त्या जहाजाच्या वैज्ञानिक मोहिमा २०२४ मध्ये थांबल्या. पण निघालेला गाळ शीतगृहांत नीट ठेवलेला आहे. पुढच्या पन्नास वर्षांच्या विद्यार्थ्यांना तो पुरेल.

मला चिंता आहे ती विद्यार्थ्यांची. हल्ली जनुकीय तपासणी होते, आणि ती हवीच. तिच्यामुळेच कळले, की ज्याला आपण एकटा बुलॉयडिस म्हणत होतो त्यात वरून सारखे दिसणारे अनेक वेगवेगळे वंश दडलेले आहेत. संगणक चित्रे ओळखू लागला आहे, तेही चांगलेच. पण लाखो वर्षांपूर्वीच्या काचेच्या रिकाम्या घरातून जनुके मिळत नाहीत, आणि संगणकाला शिकवायचे तर आधी कुणीतरी हे अमुक, ते तमुक असे बरोबर सांगावे लागते. तीन आठवडे मान मोडून एका काचेकडे बघणारी माणसे कमी होत चालली आहेत. त्या कामाला पटकन प्रसिद्धी नाही, पटकन नोकरी नाही. नाव छापून येते तेही छोट्या टायपात, प्रजातीच्या नावापाठोपाठ.

एरेनबर्ग १८७६ च्या जूनमध्ये वारले. 'चॅलेंजर' परत येऊन जेमतेम महिना झाला होता. त्यांच्या संग्रहातल्या अभ्रकाच्या चकत्यांवरचे ते काचेचे जीव या शतकात जपानी आणि जर्मन अभ्यासकांनी पुन्हा शोधून काढले, त्यांची नवी छायाचित्रे घेतली, जुनी नावे त्यांच्याशी जुळवली. दीडशे वर्षांनी कुणीतरी येऊन ती काच मागितली आणि ती जागेवर होती.

माझे सर आता नाहीत. माझ्या हातून पुढे एकही नवी प्रजाती जाहीर झाली नाही, याचे पूर्वी वाईट वाटायचे. परवा नातीने तो बिस्किटांचा डबा उघडला आणि ती रेघ मारलेली काच उचलून विचारले, "आजोबा, हे चुकलं म्हणून खोडलंय ना? मग ठेवलंय कशाला?"

मी जुना सूक्ष्मदर्शक बाहेर काढला, काच बसवली आणि तिला म्हटले, "आधी पाय मोज. किती दिसतात ते सांग."

तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "दोन. नाही, थांबा. अडीच."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)